अक्कांसमोर ‘टेन्शन’ म्हणायचं नाही

लोक डॉक्टरकडे औषधाला जातात, शांताक्का भांडायला जायच्या. तेही स्वतःच्या दुखण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच्या.

बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत कुणाचं पोट दुखो, कुणाची कंबर धरो, कुणाला चक्कर येवो, ती बाई आधी शांताक्कांच्या फाटकाशी यायची. अक्का तिचं सगळं ऐकून घ्यायच्या, इरकलीचा पदर कमरेला खोचायच्या, आत बसलेल्या अण्णांना “दुधाकडं बघा हं” म्हणून ओरडून सांगायच्या आणि आजारी बाईच्या चार पावलं पुढे चालत कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे निघायच्या. त्यांना लांबून बघितलं की तिथला कंपाउंडर आत धावायचा. “डॉक्टर, बंदरु!” म्हणजे कन्नडात ‘आल्या!’ कोण आल्या हे सांगावं लागत नसे.

त्या डॉक्टरांचा तरी काय दोष म्हणा, असं लिहिणार होते. पण नाही लिहीत. दोष होता. पुरुष गेला की ते त्याला पालथा घालून, ठोकून, दाबून तपासायचे. बाई गेली की चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, “घरी काही टेन्शन?” हो म्हटलं तर ते टेन्शनच. नाही म्हटलं तर ते मनात दाबून ठेवलेलं टेन्शन. दोन्हीला लाल रंगाचं तेच टॉनिक.

या एका शब्दावर अक्कांचा भडका उडायचा.

“टेन्शन? कुठाय? दाखवा की मला,” त्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणायच्या. “जीभ बघितलासा, डोळे बघितलासा, त्यात कुठं दिसलं तुम्हाला? पोटाला तर हात लावला नाहीसा अजून. आधी पोट बघा. पोटात काही सापडलं नाही, तर मग मनात शिरा.”

डॉक्टर मुकाट्याने उठून पोट बघायचे. बाहेर बाकावर बसलेले रोगी आपापली दुखणी विसरून ऐकत असायचे.

मी अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आले ती पुण्याहून, लग्नानंतर तीन महिन्यांनी. संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. मी पुण्यातली शाळेतली नोकरी सोडून त्याच्या मागोमाग आले. मराठी घरमालक मिळाले म्हणून आम्ही खूश होतो. पहिल्याच दिवशी अक्का जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “मी खालीच असतो. काही लागलं तर हाक मार, मी येतो.” मी दचकून त्यांच्याकडे बघतच राहिले. साठीची, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई, आणि ‘मी येतो’! पुढे कळलं की निपाणीकडे बायका असंच बोलतात. अण्णा आणि अक्का तिकडचे. तीस वर्षांपूर्वी अण्णांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते इथलेच झाले. अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कन्नडात, आणि भांडण जे सापडेल त्या भाषेत.

अण्णा अगदी उलट. ते कट्ट्यावर वेताच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचे आणि बायको कुणावरही तुटून पडली की फक्त “सरी, सरी” म्हणायचे. ते ‘बरोबर आहे’ असतं की ‘पुरे आता’ असतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अक्कांना बहुतेक कळायचं.

इथे येऊन वर्ष झालं नसेल, तोवर माझं काहीतरी बिघडलं. सकाळी उठवायचं नाही. उठलं तरी हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे जड. केस विंचरताना झुपकेच्या झुपके हातात यायचे. खात काही नव्हते तरी जाड व्हायला लागले. आणि रडू. कुकरची शिट्टी झाली तरी रडू. संजय म्हणाला, “दिवसभर घरात असतेस ना, म्हणून. जरा बाहेर जात जा.” एसटीडी बूथवरून सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “मन रमव कशात तरी. आम्ही नाही का राहिलो?” आईसुद्धा म्हणाली, “नवीन गाव आहे, होईल सवय.” सगळ्यांचं म्हणणं एकच होतं आणि मलाही ते पटलं होतं. आपणच कमी पडतोय, आपल्या मनातच दम नाही, असं धरून मी गप्प बसले होते.

एकटीच त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. नाडीवर बोट ठेवून ते म्हणाले, “नवं लग्न, नवं गाव. टेन्शन घेऊ नका. एक मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल.”

परत येताना फाटकात अक्का भेटल्या. “काय म्हणाला गं?” मी सांगितलं.

अक्कांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग काळा. “मूल? मूल हे औषध आहे काय? आणि ते कुठल्या मेडिकलात मिळतंय? सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायचं काय? चल!”

“अक्का, जाऊ द्या. खरंच मनाचंच असेल माझं.”

“मनाचंच असेल तर मनाचं. पण बाकीचं शरीर बघितल्याशिवाय ते सांगायला तो काय ज्योतिषी आहे? चप्पल घाल.”

त्या दिवशी दवाखान्यात जे झालं ते सगळं लिहिण्याजोगं नाही. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले होते एवढं आठवतं. “हिचे केस बघा! गळा बघा हिचा, सुजल्यासारखा दिसत नाही काय? रक्त तपासायला लिहून द्या. सगळं. जे जे तपासता येतंय ते सगळं!” अक्का ओरडत होत्या आणि मी लाजेने पदराशी चाळा करत होते. डॉक्टरांनी चिडूनच लिहून दिलं.

तपासणीत थायरॉइड निघालं. गळ्यातली एक ग्रंथी संपावर गेली होती. सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी पांढरी गोळी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले. मला वाटत होतं हे शहर वाईट आहे, संजय वाईट आहे, मीच वाईट आहे. यातलं काही नव्हतंच. रडू गळ्यातूनच येत होतं, पण ते त्या ग्रंथीमुळे. हे आठवलं की मला अजूनही राग येतो. अक्का नसत्या तर मी किती वर्षं स्वतःला नालायक समजत बसले असते कोण जाणे.

मी पेढे घेऊन खाली गेले. “अक्का, तुमच्यामुळे,” म्हणायला लागले, तर त्या खेकसल्या, “माझ्यामुळं काय? रक्तामुळं. आणि पेढे कशाला? वजन कमी करायला सांगितलं नाही काय तुला?” मग दोन पेढे स्वतः खाल्ले आणि एक अण्णांच्या हातावर ठेवला.

त्या नुसत्या डॉक्टरांवर चिडायच्या असं समजू नका. मन प्रसन्न ठेवा, की शरीर आपोआप ठीक राहतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा दात होता. त्या वर्षांत बागेबागेतून हास्यमंडळं निघायला लागली होती. आमच्या बागेतही एक निघालं. सकाळी वीस-पंचवीस माणसं गोल उभी राहून हात वर करून हो-हो-हा-हा करायची. मंडळाचे पुढारी होते राव नावाचे निवृत्त इंजिनिअर. अक्का आणि मी फिरायला गेलो होतो. अक्का कुंपणाशी थांबल्या आणि कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या. रावांनी उत्साहाने बोलावलं, “या, अम्मा! हसलं की सगळे रोग पळतात!”

“होय काय?” अक्का म्हणाल्या. “मग मागच्या महिन्यात स्कूटरवरनं पडलासा तेव्हा प्लास्टर कशाला घातलासा? हाडाला गुदगुल्या करायच्या होत्या की.”

ते सगळं मंडळ त्या दिवशी पहिल्यांदाच खरं हसलं. राव सोडून.

या बाईला एवढा राग कशाचा, हे मला अण्णांनी सांगितलं. अक्का बाजारात गेल्या होत्या. अण्णांनी रेडिओचा आवाज कमी केला. अक्कांची धाकटी बहीण होती, मंगल. लग्न होऊन निपाणीतच दिलेली. तिला दम लागायचा, पायऱ्या चढवायच्या नाहीत. सासरी म्हणाले, कामाचा कंटाळा. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, मनाचा कमकुवतपणा आहे, माहेरची आठवण येत असेल. मंगलच्या हृदयाची झडप खराब होती. ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

“तेव्हा ही काही बोलली नाही,” अण्णा म्हणाले. “मोठ्यांपुढं कसं बोलायचं म्हणून गप्प राहिली. ते आता बोलायली बघ, इतकी वर्षं झाली तरी. बोलू दे. मी म्हणतो सरी.”

आणि पुढच्या दसऱ्याला अण्णाच गेले. सकाळी आंघोळ करून कट्ट्यावर खुर्चीत बसले होते. अक्का नाश्त्याला हाक मारायला आल्या तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या आणि अण्णांची मान खांद्यावर कलली होती. झटक्यात. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नाही.

अक्का रडल्या नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, भांडल्या नाहीत. अक्कांना मूलबाळ नव्हतं. निपाणीहून आलेले दीर-जावा तेरावं करून गेले. समाचाराला येणारी माणसं येत, बसत आणि ठरल्यासारखं बोलत. “मन घट्ट करा.” “देवाचं करा.” “भजनाला येत जा, मन रमतं.” पूर्वीच्या अक्कांनी एकेकाला फाटकाबाहेर काढलं असतं. आता त्या भिंतीकडे बघत “हं” म्हणायच्या. एकदा स्वतः राव आले आणि अडखळत म्हणाले, “सकाळी बागेत येत चला, अम्मा.” तेव्हाही “हं.” राव माझ्याकडे बघून हताशपणे निघून गेले. मला वाटतं त्यांना शिव्या खायच्या होत्या.

गल्लीतल्या बायका फाटकाशी येऊन परत जायला लागल्या. कुणाबरोबर जायची अक्कांना ताकदच नव्हती. डिसेंबर लागला तेव्हा त्यांच्या इरकलीवरच्या चोळ्या अंगात सैल झाल्या होत्या. मी डबा नेऊन दिला तर दुसऱ्या दिवशी तो तसाच ओट्यावर असायचा. मी रागावले की म्हणायच्या, “जेवलो गं. कॉफी-बन खाल्लो.”

मग एका दुपारी त्यांनी खालून हाक मारली. पहिल्यांदाच. मी धावत गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, छातीच्या मधोमध मूठ दाबून. “इथं दुखायलंय. आठ-पंधरा दिवस झाले. दगड ठेवल्यासारखं.”

संजय ऑफिसात. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी झाला, रक्त झालं, छातीचा फोटो निघाला. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाचं आहे. दुसरीकडे नेलं. तिथे त्यांना फिरत्या पट्ट्यावरून चालवलं, सोनोग्राफी केली. सगळं ठीक. तिथले डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, “हार्ट एकदम फर्स्ट क्लास आहे, अम्मा. नुसतं टेन्शन आहे.”

मी अक्कांकडे बघितलं. आता उठतील, आता पदर खोचतील. त्या उठल्या आणि माझा दंड धरून हळूहळू बाहेर आल्या. बाहेर मीच त्या डॉक्टरांना शिव्या घालायला लागले. “जाऊ दे,” अक्का म्हणाल्या. मला ‘जाऊ दे’ या शब्दांची एवढी भीती कधीच वाटली नव्हती.

जयनगरमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई नव्याने बसायला लागल्या होत्या. माझ्या गोळ्या आता त्यांच्याकडे चालू होत्या. शेवटचं म्हणून तिथे नेलं. त्या दोघी कन्नडात बोलल्या. मला तोवर समजण्याइतकं यायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट नीट बघितले. मग स्वतः पुन्हा तपासलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून, पोट दाबून, पायाला सूज आहे का ते बघून. अक्का झोपल्या झोपल्या त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. उठून बसल्यावर म्हणाल्या, “आता म्हणा. म्हणून टाका तो शब्द.”

“कुठला?”

“टेन्शन.”

“मी तो शब्द वापरत नाही,” बाई म्हणाल्या. “दुखायला लागायच्या आधी घरात काय झालं?”

“यजमान गेले. दसऱ्याला.”

“कसे?”

मला वाटलं अक्का नुसतं ‘हं’ म्हणतील.

“सकाळी उठले आणि म्हणाले, शांते, छातीत जळजळतंय,” अक्का म्हणाल्या. “मी म्हटलं, काल रात्री मिरची भजी कुणी खाल्ली? तोंडाला आवर नको काय? आणि ताक दिलो. मीठ-जिरं घालून. प्यायले. बरं वाटतंय म्हणाले.” त्यांचा आवाज चढायला लागला. किती दिवसांनी! पण राग आता दुसऱ्या कुणावर नव्हता. “सगळ्या गल्लीला डॉक्टरकडं नेलो मी! कुणाच्या पोटात दुखलं, ने. कुणाला खोकला झाला, ने. आणि ह्यांना ताक दिलो! ताक!”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला. मग स्वतःच परत धरला.

डॉक्टरीणबाई ‘तुमचा दोष नाही’ वगैरे म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “त्यांना आणलं असतं तर ते वाचलेच असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. खोटं सांगणार नाही. जळजळ म्हटल्यावर कुणीही ताकच दिलं असतं. माझ्या आईनेही दिलं असतं.” मग म्हणाल्या, “तुमचं हृदय चांगलं आहे, अम्मा. आणि तुमची छाती खरोखर दुखते आहे. दोन्ही खरं आहे. तुम्ही जेवत नाही, झोपत नाही आणि दिवसभर स्वतःशी भांडता. शरीर किती दिवस सोसणार?”

“म्हणजे मनाचं?”

“मन काय शरीराच्या बाहेर राहतं?”

बाईंनी झोपेसाठी थोडे दिवस घ्यायचं औषध दिलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं. आणि एकटीने जेवायचं नाही, असं बजावलं.

रिक्षा बनशंकरीच्या देवळाकडे वळली तेव्हा अक्का एकदम मोठ्याने बोलल्या. रिक्षावाल्याने मान वळवून बघितलं.

“आयुष्यभर सगळे डॉक्टर टेन्शन, टेन्शन म्हणाले. कसलं ते एकानं तरी विचारलं काय गं?”

“नाही, अक्का.”

“नुसतं म्हणायचं आणि पुढच्याला आत बोलवायचं! टॉनिक द्यायचं! लाल!” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ही पोरगी विचारली. हिलाच सुचलं तेवढं.”

कोपऱ्यावर अवरेकाईची गाडी उभी होती, हिवाळ्यातल्या त्या वालाच्या शेंगांचा हिरवा ढीग लावून. अक्कांनी रिक्षा थांबवली. भाजीवालीशी “ह्याला वास तरी आहे काय? कालच्या विकायलीस?” म्हणून दोन मिनिटं कडाकडा भांडल्या आणि पिशवी भरून शेंगा घेतल्या. जिना चढून थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसल्या आणि सोलायला लागल्या. मला कांदा बारीक चिरता येत नाही, पुण्याची आमटी म्हणजे गोड पाणी, फोडणी अशी करतात काय, हे सगळं मी ऐकून घेतलं. खूप दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकून मी नुसती मान हलवत होते. मनात आलं, अण्णा असते तर ‘सरी’ म्हणाले असते.

संजय उशिरा येणार होता. मी दोघींची ताटं मांडली. अक्कांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिल्या.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या. मग ताटाकडेच बघत म्हणाल्या, “एकटीला घास उतरत नाही गं. गळ्यापाशी येऊन थांबतो. एवढं वय झालं, कुणाला सांगायची लाज वाटते.”

जेवता जेवता मध्येच त्यांचा डावा हात छातीकडे गेला आणि मूठ दाबली गेली.

“दुखतंय का अक्का?”

“दुखतंय की. एका दिवसात थांबतंय होय?” त्या वसकन म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. “दुखू दे. तू भात वाढ.”